लाइन पाहत राहा

पाचव्यांदा इंटरनेटचं कनेक्शन तुटलं तेव्हा साडेतीन वाजले होते. वैशालीचा फॉर्म अर्धाच भरला होता. कॉलेजांची पसंती भरायची वेळ पाचपर्यंत. त्यानंतर साइट बंद, आणि तिचं इंजिनीअरिंग गेलं.

बुऱ्हाणपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बहादरपूरला राहणारे तिचे वडील शाळेत शिक्षक, मी त्यांना सर म्हणायचो; त्या दिवशी त्यांच्याच घरी आलो होतो. त्यांना मोडेम मीच निवडून दिला होता. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र. कॅबिनेटच्या आत बसणारा इंटरनल स्वस्त, बाहेर ठेवायचा एक्स्टर्नल महाग. मी इंटरनल दिला होता आणि आता त्याच्यावरच माझा संशय होता.

पिशवीतला एक्स्टर्नल काढून लावला. त्याच्यावर दिवे असतात. कनेक्शन झालं की त्यातला एक पेटून राहतो. तो पेटला, आठ मिनिटं टिकला, विझला. वायर बदलली. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. स्पीड कमी केला. दिवा विझतच होता. माझं डोकं चालेना.

"दादा, मी बुऱ्हाणपूरला सायबर कॅफेत चालली जाऊ का? अभी टाइम आहे," वैशाली म्हणाली.

"कशाला? दहा मिनिटांत होतं."

नुसती ऐट होती ती. मला खरं तर काहीच कळत नव्हतं.

पाचला वीस कमी असताना मी फोनची तार हातात धरून ती कुठं कुठं जाते ते पाहत निघालो. तारेचा एक फाटा मागच्या खोलीत गेला होता. तिथं सर स्टुलावर बसले होते, रिसीव्हर कानाला.

"सर, काय करताय?"

"लाइन पाहून राहिलो. तुम्हीच तर बोलले होते मागच्या खेपेला, इथं लाइन कधीही मरते, अधूनमधून पाहत राहा. पोरीला डिस्टर्ब नको म्हणून हा दुसरा फोन लावून घेतला. आज तिचं काम, तर जास्तच पाहून राहिलो. पण हर टाइम खरखरच येते हो!"

ती खरखर म्हणजे त्यांच्या मुलीचा फॉर्म होता. मोडेम बोलत असताना त्याच लाइनवर कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटतं. मी त्यांना हे कधी सांगितलंच नव्हतं.

फाटा उपटला आणि डायल केलं. एंगेज. पुन्हा एंगेज. लागलं तेव्हा पाच वाजून गेले होते. पडद्यावर हिंदीत आलं, समय समाप्त. वैशालीनं कॉम्प्युटरवर कव्हर घातलं.

"म्हणजे लाइन चांगली होती?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

मला तिथं उभं राहवेना. वैशालीनं त्या वर्षी बीएस्सीला नाव घातलं. इंटरनल मोडेम ठणठणीत निघाला.

पुढे मोडेम विकताना मी प्रत्येकाला आधी घरात फोन किती ते विचारायचो. आणि कुणी कॅफेत जाऊ का म्हणालं, तर लगेच जा म्हणायचो.