सपाट पडलेला पाग

हर्षदाने जाळं टेबलावर पसरलं आणि ते सपाट पडलं. तिचा चेहरा उतरला.

मी पालघरच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. त्या दिवशी प्रोजेक्टची व्हायवा होती आणि समोर बाहेरून आलेले एक्स्टर्नल बसले होते. हर्षदा किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, घर मच्छीमारांचं. जनरल रिलेटिव्हिटीत गुरुत्वाकर्षण गणितात कसं मांडतात, हा विषय तिने हट्टाने घेतला होता. फर्स्ट क्लास मिळाला तरच पीएच.डी.ला अर्ज करता येणार होता. नाहीतर भावाने बोईसरच्या एका केमिकल कंपनीत तिला चिकटवायचं ठरवून ठेवलं होतं.

जाळ्याची कल्पना तिचीच. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते मधून बाहेर विणत जातात. त्यातल्या एकेका भोकाला आस म्हणतात. बाहेर जाताना आसांची संख्या वाढवत न्यावी लागते, तरच पाग सपाट पसरतो. हर्षदा शिकताना वाढवायला विसरली होती, म्हणून तिचा पाग टोपीसारखा फुगायचा. "मॅडम, वक्र अवकाश हेच," ती मला म्हणाली होती. "लांबून बघायला नको, आस मोजले तरी कळतं." मी इतकी वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं.

आणि आज तो फुगतच नव्हता.

"पप्पांनी नीट केला वाटतं," ती पुटपुटली.

"मग आता?" एक्स्टर्नलनी विचारलं.

तिने माझ्याकडे दोरा मागितला. "सर, हे गुरुत्वाकर्षण नसलेलं अवकाश," असं म्हणत तिने कडेचे आस जोडीजोडीने बांधायला घेतले. घेर आवळला, मधला भाग वर आला.

मग ती फळ्याकडे वळली. जवळजवळच्या दोन बिंदूंतलं अंतर कसं मोजायचं, ते सांगणारे दहा आकडे प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांना मेट्रिक म्हणतात. त्यावरून वक्रता काढायची. समीकरणाच्या एका बाजूला ही वक्रता, दुसऱ्या बाजूला तिथलं वस्तुमान आणि ऊर्जा.

"यात बल कुठे आहे?"

"नाय सर." घाबरली की ती घरच्या बोलीत बोलते. "वस्तू आपली सरळच जाते. जालंच वाकलेलं हाय."

सरांनी हातातला खडू सोडला. "हा तर स्थिर होता. का पडला?"

इथे भलेभले अडखळतात.

"जागेवर स्थिर होता सर. वेळेत चाललाच होता ना? एक धागा वेळेचा हाय. जमिनीजवळ घड्याळ हळू चालतं, म्हणून खडूची सरळ वाट खालीच येते."

सर उठून जाळ्याचे आस मोजायला लागले. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फर्स्ट क्लास मिळाला. आता ती पीएच.डी. करतेय.

व्हायवा झाली त्या संध्याकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला होता.

"म्याडम, वाकडा पाग घेऊन पोर कालेजात जानार, लोक काय बोलतील? दोन दिस बसून नीट केला."

तिने गाठी मारून तो पुन्हा वाकडा केला आणि त्यावरच पास झाली, हे मी त्यांना सांगितलं.

"मंग त्या गाठी आता सोडवू नको?"

"नको," मी म्हटलं.

तेव्हापासून मी मुलांना बजावते: नमुना मुद्दाम चुकीचा असेल, तर घरी आधी सांगून ठेवा.