पास झाल्याची शिक्षा

बाबांच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या गिऱ्हाइकाला पळून जाता येत नाही. गळ्याशी वस्तरा असतो. या सोयीचा बाबांनी बरीच वर्षं पुरेपूर फायदा घेतला.

"दोनशे एकाहत्तर," वस्तरा पुसता पुसता ते सुरू करायचे.

"कशाचे?" गिऱ्हाईक ओठ न हलवता विचारायचं.

"मोठीचे. डॉक्टरकीची पहिली परीक्षा. तीनशेपैकी."

सलूनच्या मधोमध पडदा आहे. पलीकडची बायकांची बाजू आई सांभाळते. तिथून आवाज यायचा, "अहो, आधी त्यांचे कल्ले सारखे करा. मागच्या खेपेला एक वर, एक खाली घेऊन घरी गेले बिचारे."

ताईला या सगळ्याची लाज वाटायची, आणि थोडं बरंही वाटायचं. ती सलूनच्या मागच्या खोलीतच अभ्यास करून मोठी झाली. केस वाळवायचं यंत्र घोंगावतंय, कुणीतरी विहिणीच्या कागाळ्या सांगतंय, आणि ही कानात कापूस घालून बरगड्या मोजतेय. तिसरीत असल्यापासून बाबा तिला 'डॉक्टर' म्हणत. "डॉक्टर, जरा टॉवेल आणा." डॉक्टर टॉवेल आणत.

रेडिओलॉजीचं वेड तिला कॉलेजच्या चौथ्या वर्षी लागलं. एका माणसाचं पोट दुखत होतं आणि दोन सर्जन कापायचं की नाही यावर हमरीतुमरीवर आले होते. सीटी स्कॅनच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम, म्हणजे रेडिओलॉजीच्या विभागप्रमुख, आल्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे. बाकी सगळं ठीक आहे." भांडण मिटलं. ताई त्या दिवशी घरी आली ती पेटूनच. "न कापता कळतं गं! माणूस तसाच्या तसा, आणि आतलं सगळं समोर!"

"मग आमच्यासारखंच की," बाबा म्हणाले. "रक्त न काढता काम."

पण ही जागा सहजासहजी मिळत नाही. रेडिओलॉजीत निवासी डॉक्टरांच्या जागा मोजक्या आणि इच्छुकांची झुंबड. त्यामुळे हॉस्पिटलं आधी परीक्षेच्या आकड्यांची चाळणी लावतात. परीक्षा दोन. पहिली शिक्षणाच्या मध्यावर, दुसरी शेवटाकडे. ताईच्या कॉलेजातले सीनियर एक मंत्र देत: पहिली मार, दुसरी नुसती काढ. पहिलीचा आकडा बघूनच निवड व्हायची. ताईने पहिली मारली. दोनशे एकाहत्तर! मग दुसरीच्या आधीचे महिने तिने मॅडमच्या विभागात घातले. फुप्फुसांचे जुने सीटी काढायचे, मापं घ्यायची, तक्ते करायचे. मॅडमच्या शोधनिबंधावर हिचं नाव लागलं. आकडा होता, काम होतं, मॅडम नावाने हाक मारत होत्या. आणखी काय हवं?

दुसरी परीक्षा झाली. दोनशे एकतीस. "ठीक आहे," ताई म्हणाली, "नाहीतरी कोण बघतंय?"

आणि नेमका तेव्हाच नियम बदलला. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून पहिल्या परीक्षेचा आकडा अर्जात दाखवायचा नाही. फक्त 'उत्तीर्ण' एवढंच लिहायचं. आधी दिलेल्यांनाही तेच लागू.

बाबांच्या खुर्चीत तेव्हा पोस्टातले काका होते, गालभर फेस लावून. ताई मागच्या खोलीतून बाहेर आली आणि तिने सांगितलं. बाबांचा हात थांबला.

"म्हणजे दोनशे एकाहत्तर?"

"दिसणार नाहीत."

"अगं, पण पडलेत ना तुला?"

"पडलेत, बाबा. दाखवायचे नाहीत."

"हे म्हणजे अंगभर दागिने घालायचे आणि वरून रेनकोट!" पडद्यापलीकडून आई.

"मग आता काय बघणार?" बाबांनी विचारलं.

"दुसरीचा आकडा. सगळा भार आता त्याच्यावर. दोनशे पंचेचाळीसच्या खाली कुणी विचारत नाही म्हणे."

"मग दुसरी पुन्हा दे! चांगली घासून दे."

"पास झालेल्याला पुन्हा बसता येत नाही."

"आणि नापास झालेल्याला?"

"त्याला येतं."

काका फेसातून म्हणाले, "म्हणजे पोरी, तू नापास झाली असतीस तर..."

"काका, तोंड बंद ठेवा, कापेल," ताई म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, "नापासाचा डाग राहतो अर्जावर. पण दार तरी उघडं राहतं. माझं मीच पास होऊन बंद केलं."

तिने दिसेल त्या हॉस्पिटलात रेडिओलॉजीसाठी अर्ज केले. मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. मैत्रिणीने बळेबळे करायला लावलेल्या दुसऱ्या विषयाच्या एकमेव अर्जाला मात्र उत्तर आलं. मेडिसिनची जागा, लांबच्या हॉस्पिटलात. होकार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा. आणि हे उत्तर आलं त्याच सकाळी मॅडमच्या विभागाचं पत्रही आलं: खेद आहे, आपला विचार होऊ शकला नाही.

"खेद कुणाला आहे?" ताई ओरडली. "सही कुठाय? संगणकाला खेद?" आणि तशीच, विस्कटलेल्या केसांनी मॅडमकडे गेली.

तिथे काय झालं ते तिने घरी येऊन मॅडमच्या आवाजासकट सांगितलं.

"मॅडम, मला नकार आलाय."

"हो का? अगं, माझ्या टेबलावर तुझा अर्ज आलाच नाही. दोनशे पंचेचाळीसच्या खालचे संगणक आधीच बाजूला काढतो."

"पण तुम्ही मला ओळखता!"

"म्हणूनच. पूर्वी ओळखीवर घ्यायचे. कुणाचा भाचा, कुणाचा जावई. मी भांडून ही चाळणी आणली. आता तुझ्यासाठी बाजूला ठेवू? मग ओळख कुठली आणि वशिला कुठला?"

ताईला हेच सगळ्यात लागलं होतं, की बाई चुकीचं बोलत नव्हत्या.

"बरं," ती म्हणाली. "मला जागा नका देऊ. पण नकार द्यायचा तर वाचून द्या. माणसाने वाचून."

मॅडमनी अर्ज उघडला. चष्मा लावला. खरंच वाचला, पानंच्या पानं. मध्ये एकदा मागे गेल्या, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुला मी घेतलं असतं."

"वाचलाच नसता तर बरं झालं असतं," ताई आम्हाला म्हणाली. "नालायक असते तर निदान रडून मोकळी झाले असते."

निघताना मॅडमनी विचारलं होतं, "एक वर्ष माझ्याकडे थांबतेस? पगार नाही देता येणार. पण काम चांगलं करतेस."

"पुढच्या वर्षी मग माझा अर्ज टेबलावर येईल?"

"चाळणी हीच असेल. आकडा थोडा वर गेला असेल, इतकंच."

त्या दिवशी आमच्याकडे जुंपली.

"थांब वर्षभर," बाबा म्हणाले. "त्यांना तू आवडतेस. माणसाचं मन वळतं."

"त्यांचं वळलंय, बाबा! संगणकाचं कुठून वळवू?"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," आई म्हणाली. "मेडिसिन काय वाईट आहे? ताप, खोकला, साखर. लोक रांगा लावतात."

"वाईट नाहीच. मला नकोय, एवढंच."

"तुला हवं ते मिळत नाहीये, आणि मिळतंय ते नकोय. मग बस घरी, टॉवेल आण!" आई हे बोलली आणि पडद्याआड निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ताई बाबांच्या खुर्चीत बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. बाबा सवयीने मागे उभे राहिले. काय करावं कळेना म्हणून खुर्चीची पाठ पुसत राहिले.

"मॅडमना फोन करून बघ एकदा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"सांग, माझी मुलगी हुशार आहे."

"त्यांना माहितीये, बाबा. तीच तर भानगड आहे."

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकोन होते. होकार आणि नकार. ताईचं बोट होकारावर गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"मी दाबू का?" बाबांनी विचारलं.

"नको. नंतर तुम्हाला शिव्या देईन."

तिने होकार दाबला. मग लॅपटॉप मिटला आणि अशी सणसणीत शिवी हासडली, की बाहेरून जाणारा एक माणूस दारात थबकला. कुणाला दिली ते आम्ही विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं. शिवी घ्यायला समोर कुणी नव्हतंच.

"झालं?" आई पडद्याआडून म्हणाली. "चला, जेवायला वाढते."

बाबा गेले. मी गेले. ताई खुर्चीतच बसून होती. दारातला तो माणूस आत आला आणि त्याने विचारलं, "नंबर लागेल का?"

"थांबावं लागेल," ताई म्हणाली आणि जागची हलली नाही.