दुपारी बाराची मागणी

अंबाजोगाईतल्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तो माणूस एकदाच आला. रुग्णांना मोबाइलवर रिपोर्ट दाखवणाऱ्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर फार जुनं झालं होतं, ते बदलायला त्याला पाटोद्याहून बोलावलं होतं. पन्नाशीचा, दोन बोटांनी टाइप करणारा. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं सर्व्हरच्या डब्यावर ठेवलं आणि तयार पॅकेज न घेता मूळ सोर्स कोडपासून सगळं सॉफ्टवेअर स्वतः बांधायला घेतलं. पडद्यावर धावणारी प्रत्येक ओळ तो ओठांतल्या ओठांत वाचत होता.

सर्व्हरच्या रोजच्या नोंदींचा जुना लॉग उघडल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. रोज दुपारी बाराला हा डबा स्वतःकडेच एक रिपोर्ट मागत होता आणि स्वतःच ‘सापडला नाही’ म्हणत होता. मागितलेला रिपोर्ट होता आमच्या आधीच्या ऑपरेटरच्या नावाचा. सर्व्हर त्यानंच बसवलेला. तो वारला त्याला तीन वर्षं झाली.

“मिळंस्तोवर इचारत ऱ्हायचं, असं लिहून गेलाय ह्यो,” पाटोद्याचा माणूस म्हणाला.

“काढून टाका ते.”

“कावून? इचारलंय तर जवाब द्यावा लागतो, साहेब.”

त्या ऑपरेटरनं शेवटच्या आजारात दिलेलं रक्त तपासायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला लॉगमध्ये ‘सापडला’ अशी नोंद पडली. मी रिपोर्ट उघडला. सगळे आकडे नॉर्मल होते, आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

तेव्हापासून डबा काही मागत नाही. बारा वाजले की मीच लॉग उघडून बसतो.