तिच्या फोडणीचा दोष नव्हता

पाचोऱ्याहून बैलगाडीने दीड तासावर एक गाव आहे. तिथल्या एका बाईवर मी खोटा आळ येऊ दिला. तो खोटा आहे हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आज माझ्याखेरीज ती नीट सांगू शकेल असं कोणी उरलं असेल, असं वाटत नाही.

मी तेव्हा देवी डॉक्टर होतो. डॉक्टर म्हणायची पद्धत, एवढंच. मराठी सातवी झालो होतो आणि टोचायला शिकलो होतो. हिवाळ्यात गावोगाव फिरायचं, देवीच्या रोगाची लस टोचून मुलांच्या दंडावर देवी काढायच्या आणि आठव्या दिवशी परत जाऊन त्या उठल्या का ते पाहायचं, हे काम. गावातल्या म्हाताऱ्या मला मरीमायचा, रोगराईच्या देवीचा, जावई म्हणत. शिव्या देत आणि जावयाला वाढावं तसं वाढतही.

त्या दिवशी पाटलांच्या ओट्यावर मी पाट टाकून बसलो होतो. यादीतली सगळी मुलं झाली, एक राहिलं. विशीतली एक सून दीड वर्षाचा मुलगा कडेवर घेऊन शेवटी आली. तिने त्याचा हात उलटा करून दाखवला. कोपराच्या आतली कातडी लाल, ओली होती. गुडघ्यांच्या मागे तसंच, मानेच्या वळीतही तसंच.

“भाऊ, येना आंगले इसब शे,” ती म्हणाली. “बरा व्हवू द्या, मंग टोचा.”

ती बरोबर बोलत होती. इसब किंवा खरूज असलेलं मूल त्या खेपेला सोडायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. टोचलेली लस चांगल्या कातडीवर चार फोडांपुरती राहते. उघड्या, चिघळलेल्या कातडीला लागली तर तिथेही धरते. पण एका मुलासाठी पुन्हा फेरी करायची म्हणजे एक दिवस जात होता, आणि माझ्या यादीत एकही नाव मोकळं राहत नाही याचा मला त्या काळी फार अभिमान होता. मी म्हटलं, दंड तर स्वच्छ आहे, टोचायचं दंडावरच आहे. पाटील शेजारी सुपारी कातरत होते. ते हसून म्हणाले, देवी डॉक्टर आला की गावातल्या बठ्ठ्या पोरांना खाज सुटते. ओट्याखालच्या बायकाही हसल्या. तिने मुलाचा दंड पुढे केला.

आठव्या दिवशी गेलो. बाकीच्या मुलांचे दंड जसे हवे तसे उठले होते. हे मूल काही ओट्यावर आलं नाही, म्हणून कोतवालाबरोबर मी त्याच्या घरी गेलो. दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता. मूल केळीच्या पानावर निजवलं होतं. कोपरांत, गुडघ्यांमागे, मानेवर, गालावर आणि एका पापणीवरही फोड होते. दंडावर जसे होते तसेच, मधे खळगा असलेले. पाहताक्षणी मला समजलं. ही माझी लस होती.

घरात मात्र निराळा निवाडा होऊन गेला होता. आमच्याकडे देवी काढलेल्या घरातही खपल्या पडेपर्यंत फोडणी देत नसत. तेलाच्या वासाने देवी कोपते अशी समजूत. चौथ्या दिवशी सासू शेतात असताना या सुनेने कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या वरणाला लसणाची फोडणी दिली होती. वास शेजारी गेला, शेजारून सासूकडे गेला. अंगभर देवी उठल्या त्या त्यामुळेच, यावर सासूची आणि शेजारणींची खात्री होती.

सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सासू दारात होती.

“भाऊ, तुम्ही शिकेल माणूस. मन्हं काय चुकनं?”

फोडणी देऊन तिचं चुकलं की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. मी सासूकडे पाहिलं, कोतवालाकडे पाहिलं आणि म्हणालो, “झालं ते झालं. देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवा.”

सासूने मान हलवली. शिकलेल्या माणसानेही तेच सांगितलं होतं. मी परत ओट्यावर आलो आणि त्या मुलाच्या नावापुढे ‘यशस्वी’ असं लिहिलं.

मूल वाचलं. एका डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा गेला. सुनेला सासूने चुलीपासून उठवलं. शेतातली सगळी कामं ती करायची, पण रांधायचं धाकट्या जावेने. गावात लग्न निघालं की बायका तिला निवडायला, पाखडायला बसवत, चुलीकडे येऊ देत नसत. हे मला पुढच्या हिवाळ्यात कोतवालाने हसत हसत सांगितलं. त्यानंतर त्या भागाची फेरी मी वरच्यांना विनंती करून बदलून घेतली.

दहाएक वर्षांनी, स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात, मला पुन्हा तिथेच जावं लागलं. सासू तोवर वारली होती. सून अंगणात ज्वारी पाखडत होती. तिचा मुलगा समोरून गुरं घेऊन गेला. एका बाजूला मान वळवून पाहायची सवय त्याला लागली होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. तू इसब दाखवला होतास, मी ऐकलं नाही, फोडणीचा काही संबंध नव्हता.

तिने सूप खाली ठेवलं. रडली नाही, चिडली नाही. तिने गुरं गेली त्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, “मले सांगीसन काय फायदा? चावडीवर सांगशात का?”

मी हो म्हणालो. चावडीवर दहा-बारा माणसं बसलीच होती. त्यांनी मला बसायला जागा दिली, चहा मागवला, लढाईनंतरच्या महागाईवर बोलणं निघालं. मी चहा प्यालो. पाचोऱ्याला आगगाडी गाठायची वेळ झाली तसा उठलो आणि छकड्यात बसलो. तिच्या घरावरूनच रस्ता होता. ती दारात होती, आणि मी विरुद्ध बाजूच्या शेतांकडे पाहत राहिलो.

माझी मुलं म्हणतात, आता ते उकरून काय मिळणार. ती असलीच तर साठी ओलांडलेली असेल, स्वतःच्या सुनांची सासू असेल. तिला चुलीवर परत बसवलं की नाही, मला माहीत नाही. इथे मी नावं गाळली आहेत. याचीच दुसरी प्रत नातवाकडून स्वच्छ लिहून घेतली आहे. त्या प्रतीत गावाचं नाव आहे, त्या बाईचं आहे, तिच्या मुलाचं आहे आणि माझं आहे. ती प्रत मी त्या गावच्या सरपंचांना पाठवतो आहे. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं आहे की हे तिच्या घरी नेऊन देऊ नका, चावडीवर माणसं जमवा, तिला किंवा तिच्या मुलाला पुढे बसवा आणि मोठ्याने वाचा.