निबंधातला कुत्रा

आमच्या वेळी पुण्यात जर्मन ही भाषा नव्हती, तो स्कोअरिंग विषय होता. बोलायला म्हणून ती कोणीच घेत नसे. आम्ही निबंध घोकायचो. 'माझं कुटुंब' हा निबंध दरवर्षी यायचाच. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला, अख्ख्या वर्गाचा एकच. त्यामुळे आम्हा सगळ्यांचे वडील शिक्षक होते, सगळ्यांना एक धाकटा भाऊ होता आणि सगळ्यांकडे एक पांढरा कुत्रा होता. माझे वडील बँकेत होते आणि कुत्रं दिसलं की मी आजही रस्ता बदलते. पण मार्क मला पैकीच्या पैकी मिळाले.

त्या मार्कांच्या जोरावर मी इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत लेकीला शाळेत जर्मन घ्यायला लावलं. ती ते मन लावून शिकली आणि मला चक्क राग आला. कारण घरातली मराठी तिनं केव्हाच टाकली होती. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. सात-आठ वर्षांत तिच्या तोंडून एक धड मराठी वाक्य मी ऐकलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "समजतं ना तिला, बास की!" मला बास नव्हतं. तिनं माझ्याशी माझ्या भाषेत निदान भांडावं तरी, असं मला वाटायचं.

मग शाळेच्या एक्स्चेंजमधून एक जर्मन मुलगी दोन आठवडे आमच्याकडे राहायला आली. लेकीनं आधीच बजावलं होतं, "मॉम, प्लीज, नो जर्मन." कसलं काय! पहिल्याच जेवणाला वरणभात वाढता वाढता मी सुरू झाले. इतक्या वर्षांनीही निबंध शब्द न् शब्द पाठ होता. वडील शिक्षक, धाकटा भाऊ, पांढरा कुत्रा, तो रोज दूध पितो. पाहुणी हरखली. तिनं मला काहीतरी लांबलचक विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी हसून तिच्या भातावर आणखी तूप वाढलं.

ती उठली, सोफ्याखाली डोकावली, मग बॅकयार्डचं दार उघडून तिनं शीळ घातली. पाहुणीला इंग्रजीही उत्तम येत होतं, म्हणजे आता लेक काहीही बोलली तरी माझं पितळ उघडं. लेकीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "आई, ती आपला डॉग शोधतेय. काय सांगू?"

इतक्या वर्षांनी तिचं मराठी ऐकून मला रडूच येणार होतं, पण वेळ नव्हता.

"सांग, पुण्याला काकांकडे ठेवलाय."

"का?"

"त्याला इथलं दूध सोसत नाही."

लेकीनं ते गंभीर चेहऱ्यानं जर्मनमध्ये सांगितलं. पण थाप एकदा मारली की ती पोसावी लागते. पाहुणीचा कुत्र्यांवर भारी जीव, त्यामुळे रोज त्याची चौकशी आणि रोज जेवताना आम्हा मायलेकींची मराठीत मसलत. "आई, त्याला खायला काय आवडतं सांगू?" "पोहे." एकदा तर त्याच्या स्वभावावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. लेक म्हणे तो शांत आहे. मी म्हटलं, मुळीच नाही, पोस्टमनला चावलाय. तिचे शब्द अडायचे, मध्येच इंग्रजी घुसायचं, पण मी एकही चूक काढली नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

पाहुणीला एअरपोर्टवर सोडलं आणि मला धस्स झालं. जिच्यापासून लपवायचं तीच गेली, आता मराठी कशाला लागतेय? परतताना गाडीत लेक फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मी दोनदा काहीबाही विचारलं. दोन्ही वेळा "येस, मॉम" एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, बॅग सोफ्यावर टाकली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "आई, कुत्रा कसा आहे गं?"

"बरा आहे," मी म्हटलं. "तुझी फार आठवण काढत होता."