विमानाला बॉडी अर्थिंग

डिप्लोमाला मला इलेक्ट्रॉनिक्समध्ये चांगले मार्क होते, आणि हे मी मिरवण्यासाठीच सांगते आहे. कारण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला नोकरी लागली, तिथे पहिले आठ महिने त्या मार्कांचा उपयोग फक्त फोन उचलायला झाला. "हॅलो, सर बाहेर गेलेत," हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. सर म्हणजे दुकानाचे मालक. रिपेअरचं टेबल त्यांचं. माणूस वाईट नव्हता, पण पोरीच्या हातात सोल्डरिंग गन दिली की काहीतरी जळणारच, अशी त्यांची पक्की समजूत होती. मला ते टेबल हवं होतं. पगार वाढला नसता तरी चाललं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. एका दुपारी शिरोळकडचे एक काका जीपमधून उतरले. काखेत चादरीत गुंडाळलेला सीपीयू, दुसऱ्या हातात एक खोकं. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. त्यानं बापाला विमान उडवायचा गेम दिला होता आणि त्याच्यासोबत इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा एक लिव्हर, पत्र्याच्या बैठकीवर उभा केलेला. उसाला पाणी लावून झालं की काका दुपारभर विमान उडवत बसत.

"विमान जरा उचलतंय न्हाय तवर इंजान बसतंय बगा," ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आज सकाळधरनं सतरा येळा पडलोय. बायको म्हनती, आता पाय धुऊनच घरात या."

सरांनी लिव्हर जोडून पाहिला, दोनदा हलवला आणि बाजूला ठेवला. "बाहेरचा माल आहे. याचे पार्ट इथं मिळत नाहीत. टाकून द्या, मुलाला नवा आणायला सांगा."

"त्यो दोन वर्सानं येनार," काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सर, मी बघू?" मी विचारलं.

सर हसले. मग म्हणाले, "बघ. पण नाही जमलं तर या टेबलाचं पुन्हा नाव काढायचं नाही. कबूल?" गिऱ्हाइकासमोर विचारलं, म्हणजे माघार घ्यायची सोयच ठेवली नाही. मला रागही आला आणि उकळ्याही फुटल्या. मी "कबूल" म्हटलं आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

चार स्क्रू काढले. आतला मामला सोपा होता. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला एक पॉट लिव्हरला जोडलेला, आणि त्याच्यापासून तीन वायरी खालच्या सर्किटकडे. लिव्हर फिरला की पॉट फिरणार आणि कॉम्प्युटरला इंजिनाचा जोर कळणार. मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. वायर सलग असली की मीटर वाजतो. तिन्ही वेळा वाजला. म्हणजे वायरी ठीक, पॉटमध्ये धूळ असणार. पॉट स्पिरिटनं स्वच्छ केला, सगळं बंद केलं आणि ऐटीत म्हणाले, "झालं काका, उडवा."

काका सरसावून बसले. विमान धावलं, उचललं, आणि इंजिन गप्प. विमान नाकावर आपटलं.

"अठरा," काका म्हणाले.

सरांनी नुसतं फोनकडे पाहिलं. खरं सांगते, रडू अगदी डोळ्यांशी आलं होतं. पण रडले असते तर आयुष्यभर फोनच उचलत बसले असते. मी पुन्हा स्क्रू काढायला घेतले आणि काढता काढता स्वतःलाच शिव्या दिल्या. इंजिन बसतं ते लिव्हर हलवताना, आणि मी मघाशी मीटर लावला तो लिव्हर गुमान उभा असताना!

"काका, लिव्हर हळूहळू मागंपुढं करा. थांबू नका."

पहिल्या दोन वायरी ठीक निघाल्या. मग मी काळ्या वायरीला मीटर लावला. सूर लागला. लिव्हर निम्म्यावर आला आणि सूर तुटला. परत लागला, परत तुटला. दुकानात सगळ्यांना ऐकू येत होतं. आता ती वायर बोटानं चाचपत गेले, तर ती सलग नव्हतीच! वरचा तुकडा लिव्हरच्या पट्टीला स्क्रूनं आवळलेला, खालचा बैठकीच्या पत्र्याला. मधे नुसती ग्रीस भरलेली बिजागरी.

"हे कुणी केलं?"

"आमच्या ट्रॅक्टरच्या वायरमननं. वायर तुटलीवती. बॉडी अर्थिंग दिलंय म्हनला, एक नंबर काम."

ट्रॅक्टरला ते एक नंबरच. तिथे दिव्याला एकच वायर जाते, परतीचा करंट लोखंडी बॉडीतून येतो. त्या माणसानं विमानालाही ट्रॅक्टरसारखंच वागवलं होतं. पण इथे ग्रीसच्या बिजागरीत जोड सुटला की कॉम्प्युटरला वाटायचं, लिव्हर पार मागे ओढलाय, म्हणजे इंजिन बंद.

दोन्ही स्क्रू काढून टाकले. एका मेलेल्या माउसची केबल सोलून आतली मऊ वायर घेतली, लिव्हरबरोबर वाकायला जरा ढिली ठेवली आणि पॉटपासून सर्किटपर्यंत सलग सोल्डर केली. या वेळी काकांकडून लिव्हर तीस वेळा हलवून घेतला. सूर एकदाही तुटला नाही.

विमान उचललं. वर गेलं. अजून वर गेलं. "आरं तिच्या मायला!" काका ओरडले, मग माझ्याकडे बघून जीभ चावली. उतरायला तयारच होईनात. शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला, चहावाला आला, आणि मी हाताची घडी घालून अशी उभी होते, जणू ते विमान मीच बांधलंय. सर "बरं झालं" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी न विचारताच टेबलावर बसले. कुणी ऊठ म्हटलं नाही, पण बस असंही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. काळ्या हातांचा एक दणकट माणूस आत आला. "शिरोळच्या विमानाचं माझं अर्थिंग कुणी काडलं?"

मी उठणार, तेवढ्यात सर काउंटरवरून म्हणाले, "ते आमच्या मॅडमना विचारा. रिपेअरचं त्याच बघतात."

वायरमन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं हात विजारीला पुसले आणि स्टूल ओढलं.

"ताई, चुकलं कुठं त्ये जरा दावा की."

मी मीटर त्याच्या हातात दिला.