डोळ्यांनी दिलेलं उत्तर

"डॉक्टर, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आलाय ना? मग ठेवताय कशाला? आज डिस्चार्ज द्या."

परब वॉर्डच्या दारातच अडवून विचारत होते. लालबागमध्ये त्यांचा मसाला कुटायचा डंख, म्हणजे कांडपाची गिरणी आहे. गिऱ्हाईक, कामगार, मिरच्यांची खरेदी, सगळं त्यांची बायको सुनंदा बघायची. जुलाब होऊन गेले आणि थोड्या दिवसांनी तिच्या पायांना मुंग्या आल्या. मग जिना चढवेना. आता हातातून ग्लास सुटत होता.

मी परळच्या एका हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्ट आहे. परबांना बाकावर बसवलं.

"मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, हे झालं मुख्य ऑफिस. तिथून हातापायांपर्यंत जातात त्या नसा. एमआरआय ऑफिसचा काढलाय. बिघाड नसांमध्ये आहे."

"नस दबलीय?"

"नाही. नस म्हणजे चेतापेशींचे लांब धागे. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत एकेक धागा जातो. त्याच्यावर वायरीसारखं आवरण असतं. ते श्वान पेशी गुंडाळतात."

"श्वान?"

"शास्त्रज्ञाचं नाव आहे हो. कुत्र्याशी संबंध नाही. जुलाबाच्या जंतूंशी लढताना शरीराची गफलत झाली आणि ते या आवरणावरच तुटून पडलं. मेंदूतल्या धाग्यांचं आवरण वेगळ्या पेशी करतात. त्यांना धक्का नाही, म्हणून फोटो नॉर्मल."

परबांना पटलं नव्हतं. मी त्यांना खाटेपाशी नेलं. "सुनंदाताई, एका श्वासात आकडे म्हणा बघू." सकाळी त्या पंचवीसच्या पुढे गेल्या होत्या. आता बारावर श्वास संपला. परब माझ्याकडे बघायला लागले.

"छातीच्या नसाही बिघडल्यात," मी म्हटलं. "घरी नेलंत तर श्वास अडकेल."

संध्याकाळी त्या व्हेंटिलेटरवर होत्या. घशात नळी, हातपाय निपचित. औषध सुरू होतंच. आमच्या विभागप्रमुख सरांनी नसांची तपासणी स्वतः बघितली. त्यात नसेला बारीक करंट देऊन संदेश किती वेगाने पोचतो ते मोजतात. "संदेश रेंगाळतोय, पण पोचतोय," सर म्हणाले. "आवरण गेलंय, धागा शाबूत दिसतोय." धागा तुटला असता तर काम कठीण होतं. आवरण श्वान पेशी पुन्हा गुंडाळू शकतात.

काही दिवसांनी मी राउंडला गेले तर परब खाटेशी उभं राहून त्यांच्या धाकट्या भावाशी बोलत होते. "डंख देऊन टाकू कोणालातरी. ही काय आता उभी राहणार? हिला कळतंय तरी काय!"

सुनंदाताईंच्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"परब, त्यांना सगळं कळतंय," मी म्हटलं. "मेंदू ठणठणीत आहे. फक्त हुकूम खाली पोचत नाहीये. त्यांना विचारा. सुनंदाताई, हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा."

परब वाकून म्हणाले, "सुनंदा... डंख देऊ का?"

पापण्या जड होत्या. एकदा मिटल्या. आम्ही थांबलो. मग पुन्हा मिटल्या.

परब स्टुलावर बसले आणि रडले. त्या दिवसापासून ते रोज येऊन कोणता कामगार आला, कोणती मिरची महाग झाली, ते तिला सांगायला लागले. मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे आणि डोळ्यांकडे बघत थांबायचे.

नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात ती नवऱ्याला मालवणीत म्हणाली, "माका सगळा आयकाक येय होता." तिला सगळं ऐकू येत होतं.

आधी खांदे हलले, मग मांड्या, सगळ्यात शेवटी पावलं. आज ती काठी घेऊन चालते, गल्ल्यावर बसते. तळव्यांना अजून नीट कळत नाही. पायातली चप्पल कधी निसटते ते खाली बघितल्यावर समजतं. ते कधी सुधारेल, परब दर व्हिजिटला विचारतात.

पेशी आपल्या वेगाने काम करतात. तो वेग वाढवणारं औषध माझ्याकडे नाही. त्यामुळे मी तारीख देत नाही, पुढची अपॉइंटमेंट देते.